नागसेनाचा रथ

हजेरी घेताना मला मधली नावं वाचायची खोड आहे. पहिली नावं हल्ली कुठल्याही गावात सारखीच असतात. मधल्या नावात, वडिलांच्या जागी, गाव सापडतं. आमच्या छत्रपती संभाजीनगरात त्या जागी ‘मिलिंद’ हमखास निघतो. एका वर्षी एकाच वर्गात दोघांच्या वडिलांचं नाव मिलिंद निघालं, म्हणून अर्थ विचारला. मुलगा म्हणाला, “भुंगा.” मुलगी म्हणाली, “राजा. ग्रीक होता.” वर्ग हसला, पण चुकलं कुणीच नव्हतं. संस्कृतात मिलिंद म्हणजे भ्रमर. जुन्या कवितेत कमळाभोवती घोंगावणारा तो भुंगा तिथून उडून पांढरपेशा घरांच्या बारशांत शिरला. दुसरा मिलिंद म्हणजे मिनँडर. वायव्येकडे, सागल म्हणजे आजच्या सियालकोटात राजधानी असलेला हा ग्रीक राजा इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातला. पालीनं त्याच्या नावाचे कोपरे घासून त्याला मिलिंद केलं. मुलीच्या घरी तो पोचला तो कवितेतून नव्हे, कॉलेजच्या पाटीवरून.

ते कॉलेज छावणीच्या पलीकडं, विद्यापीठाच्या वाटेवर आहे. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केलं आणि १९५० मध्ये औरंगाबादेत दुसरं. हैदराबाद संस्थान भारतात सामील होऊन तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. मराठवाड्यातल्या गरीब पोराला पदवी म्हणजे हैदराबादचं तिकीट, आणि ते परवडायचं कुणाला? १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. पुढं महाविद्यालयाला नाव मिळालं मिलिंद, आणि आवाराला नागसेनवन.

या जोडनावाचा मी अनेकदा विचार केलाय. भिक्खू नागसेन हा वादात जिंकलेला, मिलिंद हरलेला. तरी पाटी हरलेल्याची. प्रश्न विचारणाऱ्याचं नाव इमारतीला आणि उत्तर देणाऱ्याचं नाव झाडीला. राजा असून त्यानं हार मोकळेपणानं कबूल केली, याचं बाबासाहेबांना मोल वाटलं, असं नागसेनवनात जुनी मंडळी सांगतात. मला त्यात आणखी एक दिसतं. जिथं पोरं शिकायला येणार, तिथं प्रश्न विचारणाराच आधी हवा.

पण मागोवा घ्यायचाय तो राजाचा नव्हे, त्याच्या रथाचा.

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथातला तो प्रसंग असा. राजा भिक्खूला नाव विचारतो. भिक्खू सांगतो की मला नागसेन म्हणतात खरं, पण ते नुसतं हाक मारण्यापुरतं नाव. त्या नावामागं कुणी ‘पुद्गल’, कुणी कायमचा माणूस सापडत नाही. राजा उखडतो. मग चीवर कुणाला दिलं जातं, शील कोण पाळतो, आणि तुम्हाला कुणी ठार मारलं तर तो खुनी नाही का? केस म्हणजे नागसेन का, नखं, दात, कातडी? रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान या पाच स्कंधांपैकी एखादा? की सगळे मिळून? प्रत्येकाला ‘नाही’ असं उत्तर येतं. राजा म्हणतो, मग नागसेन नाहीच, तुम्ही खोटं बोलता.

आता भिक्खूची पाळी. भर दुपारी, तापलेल्या वाळूतून तुम्ही पायी आलात की वाहनानं? राजा म्हणतो, रथानं. मग दांडी म्हणजे रथ का? आख? चाकं? पिंजरा? जू? कासरे? पराणी? सगळ्यांचा ढीग? त्याहून वेगळं काही? राजाला प्रत्येक वेळी नाहीच म्हणावं लागतं. मग रथ कुठाय? तुम्हीही खोटंच बोललात की, महाराज. राजा सावरतो आणि म्हणतो, हे सगळं मिळून ‘रथ’ हा व्यवहार होतो. नागसेन म्हणतो, बरोबर समजलात, माझंही तसंच.

हा उतारा मूळ पालीतून वाचताना मला हसू आलं होतं, कारण रथाचे सुटे भाग ओळखीचे निघाले. पालीत ‘अक्ख’, आमच्याकडं आख. ‘चक्क’ म्हणजे चाक, ‘युग’ म्हणजे जू. दांडीला ‘ईसा’, आपल्या नांगराच्या हळसीत शेवटी तीच ईषा लपलेली आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा राजरथ मोडून त्याचे तुकडे मराठवाड्यातल्या बैलगाडीत बसवलेत, असं वाटावं.

आजोळची बैलगाडी मी अशीच मोडताना पाहिली. ट्रॅक्टर आला, बैल गेले, गाडी गोठ्यात उभी राहिली. मग महामार्गावरच्या एका ढाब्यानं शोभेसाठी तिची दोन्ही चाकं मागितली, मामानं विकली. साटा उलटा करून त्यावर कडबा रचला. जू भिंतीच्या खुंटीला टांगलं, ते अजून आहे. आख पत्र्याखाली गंजत पडला. कुणी विचारलं, “गाडी विकली का हो?” तर मामा म्हणायचा, “गाडी कुठं, चाकं विकली.” आणि आजी शेवटपर्यंत म्हणत राहिली, “गाडी हाय की गोठ्यात.” तिच्या लेखी गाडी गोठ्यातच होती. मिलिंदानं तिला चार प्रश्न विचारले असते तर तिनं त्याला जेवायला बसवलं असतं, पण ‘गाडी नाही’ असं काही ती म्हणाली नसती.

नागसेनाची युक्ती नीट तपासली तर तिच्यात एक फट आहे. त्यानं ‘सगळ्यांचा ढीग’ विचारला, ‘नीट जोडलेले भाग’ विचारलेच नाहीत. ढीग म्हणजे रथ नव्हे हे राजानं मान्य करणं सोपं होतं. नैयायिकांनी या फटीतूनच हल्ला केला. अवयवांहून ‘अवयवी’ वेगळा, तो जोडणीतून नव्यानं उत्पन्न होतो, असं त्यांचं म्हणणं. मडकं म्हणजे नुसती दोन खापरं नव्हेत. बौद्धांकडून चंद्रकीर्तीनं सातव्या शतकात यादी वाढवली: भागांचा समूहही रथ नव्हे आणि त्यांची विशिष्ट मांडणी, आकारही नव्हे. सात बाजूंनी शोधा, तरी रथ सापडत नाही. न शोधता वापरा, तर तो धावतो. आज परदेशी तत्त्वज्ञान विभागांत भाग आणि संपूर्ण यांच्या नात्यावर एक अख्खी शाखा चालते. पीटर व्हॅन इनवॅगन यांनी १९९० मध्ये टेबलखुर्च्या अशा काही वस्तू नसतातच, टेबलासारखे मांडलेले कण असतात, असं मांडलं तेव्हा बराच गदारोळ झाला. चंद्रकीर्तीला त्यात नवल वाटलं नसतं. फरक एवढाच की व्हॅन इनवॅगन सजीवांना सूट देतात आणि बौद्ध तीही देत नाहीत.

ग्रंथाचा प्रवास थोडक्यात सांगतो. चौथ्या शतकाच्या सुमारास त्याचं चिनी रूप झालेलं होतं. पालीतलं रूप बरंच मोठं आहे. त्यातला सुरुवातीचा भाग चिनीशी जुळतो, नंतरचा पुढं वाढवलेला दिसतो. ब्रह्मदेशात तर तो थेट खुद्दकनिकायात, म्हणजे त्रिपिटकात जाऊन बसला. व्ही. ट्रेंकनर यांनी १८८० मध्ये पाली संहिता छापली, ऱ्हिस डेव्हिड्स यांचं इंग्रजी भाषांतर १८९० आणि १८९४ मध्ये दोन खंडांत आलं, आणि १९४० मध्ये आर. डी. वाडेकर यांनी मुंबई विद्यापीठाच्या मालेत तो देवनागरीत आणला. औरंगाबादेतलं कॉलेज सुरू व्हायच्या दहाच वर्षं आधी.

राजाचं काय? त्याची नाणी भरपूर सापडतात, एका बाजूला ग्रीक, दुसऱ्या बाजूला खरोष्ठी. तो खरोखर बौद्ध झाला का, यावर वाद आहे. एका नाण्यावर चाक आहे, एवढ्यावर काय बोलणार. मात्र एक योग मला फार आवडतो. प्लुटार्क हा पहिल्या-दुसऱ्या शतकातला ग्रीक लेखक. मिनँडर छावणीत वारला तेव्हा त्याच्या अस्थींवरून नगरांत भांडण लागलं आणि शेवटी राख सारखी वाटून घेऊन सगळ्यांनी स्मारकं उभारली, हे त्यानंच लिहून ठेवलं. आणि थिसिअसच्या जहाजाचं कोडंही त्याचंच: अथेन्सकरांनी कुजलेल्या फळ्या एकेक करून बदलल्या, मग जहाज तेच राहिलं का? पाश्चात्त्य विद्यार्थ्याला ‘तेच की वेगळं’ हा प्रश्न जहाजावरून शिकवतात, आमच्याकडं रथावरून. जहाज सांगणाऱ्याला रथवाल्या राजाची राख ठाऊक होती. त्याच्या रथाची गोष्ट मात्र त्याच्या कानावर आली असावी असं दिसत नाही.

युरोपला हा विचार पुन्हा सुचायला अठरावं शतक उजाडलं. डेव्हिड ह्यूम यांनी १७३९ मधल्या आपल्या पुस्तकात ‘मी’ म्हणजे संवेदनांची जुडी, एवढंच म्हटलं. त्यांनी ते पुस्तक फ्रान्समधल्या ला फ्लेश इथं लिहिलं. तिथल्या जेझुइट कॉलेजात सयामला जाऊन आलेला एक धर्मगुरू होता. त्यावरून ॲलिसन गॉपनिक यांनी २००९ मध्ये ह्यूमना बौद्ध विचाराचा वारा लागला असेल का, असा शोध घेतला. धागा बारीक आहे. मी त्यावर वजन टाकणार नाही.

खरी गाठ पडली १९८४ मध्ये. ऑक्सफर्डचे डेरेक परफिट यांच्या ‘रीझन्स अँड पर्सन्स’ या पुस्तकाला बुद्धाच्या मतावर एक परिशिष्ट आहे, आणि ते सुरू होतं ते नागसेनाला नाव विचारण्याच्या प्रसंगानं. विसाव्या शतकातल्या इंग्रजी नीतितत्त्वज्ञानातलं एक थोर पुस्तक, आणि त्याच्या शेवटाला आमच्या छावणीतला माणूस! परफिट यांचं म्हणणं, ‘उद्याचा मी तो मीच का’ याला खोल उत्तर नाही आणि त्यानं बिघडतही नाही. महत्त्वाचं आहे ते स्मृती, हेतू, स्वभाव यांचं सातत्य. हे पटल्यावर आपल्याला मरणाची भीती कमी वाटू लागली, असंही त्यांनी लिहिलं. त्यानंतर मार्क सिडरिट्स, जोनार्डन गानेरी, इव्हान थॉम्पसन, जे गारफिल्ड अशा अनेकांनी हा वाद पेटता ठेवला. २०१८ मध्ये शॉन निकल्स, नीना स्ट्रोमिंगर, गारफिल्ड आणि सहकाऱ्यांनी तर प्रत्यक्ष विचारूनच पाहिलं. आत्मा नाही हे शिकत वाढलेल्या तिबेटी भिक्खूंना मरणाची भीती इतरांपेक्षा कमी वाटते का? उलट निघालं; तपासलेल्या सगळ्या गटांत भिक्खूंची भीती जास्त. नागसेनाला हे कळलं असतं तर तो काय म्हणाला असता, हा मी परीक्षेत घालायच्या लायकीचा प्रश्न समजतो.

बाबासाहेबांना यातली कुठली बाजू खुणावत होती? ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ १९५७ मध्ये, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाला. प्रास्ताविकातच त्यांनी चार कोडी मांडली; तिसरं हेच, की आत्मा नाकारायचा आणि कर्म-पुनर्जन्म मानायचा, हे जमतं कसं? पुढं मिलिंद-नागसेनाची प्रश्नोत्तरंही त्यांनी ग्रंथात घेतली. गेल्या जन्माच्या पापामुळं या जन्मी ही जात, असं सांगणाऱ्या समाजात ‘गेला जन्म कुणाचा?’ हा प्रश्न काही निव्वळ तात्त्विक नव्हता. आत्माच नसेल तर ते जुनं देणं कुणाच्या नावावर टाकणार? ऑक्सफर्डच्या खोलीत जो विचार मरणाची भीती घालवायला कामी आला, तो इथं जन्माचा शिक्का खोडायला लागत होता.

पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती राजाच्या उत्तरातली गोष्ट. ‘रथ’ हा व्यवहार आहे, पाली शब्दांत ‘वोहार’, ‘पञ्ञत्ति’. चार लोकांनी मिळून चालवलेला. १९३६ साली, लाहोरच्या न झालेल्या भाषणात, बाबासाहेब जातीविषयी जवळपास हेच सांगत होते: जात काही दगडामातीची आडभिंत नाही की पहारीनं पाडता येईल; ती लोकांच्या मनातली धारणा आहे. आज परदेशात ‘समाजानं घडवलेल्या वस्तू’ हा तत्त्वज्ञानातला गाजता विषय आहे. सॅली हॅसलँगर यांच्यासारख्या अभ्यासक वंश, स्त्रीत्व यांच्याबद्दल बजावतात की घडवलेलं म्हणजे खोटं नव्हे. नागसेनानं राजाला अर्धंच सांगितलं. रथ शोधून सापडत नाही हे खरं, पण त्याच्या चाकाखाली पाय आला तर तो मोडतोच.

हे या शहराला कुणी शिकवायची गरज नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि त्या नुसत्या नावापायी मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या, माणसं मेली. सोळा वर्षं गेली. १४ जानेवारी १९९४ ला जे झालं त्याला नामांतर नव्हे, नामविस्तार म्हणतात: डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. जुनं नाव ठेवून त्याच्या आधी नवं जोडलं. फळ्या न बदलता जहाज लांबवलं, असं वर्गात म्हणालो तर पोरं हसतात. विद्यापीठ गेटवर दर १४ जानेवारीला जमणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसमोर मी ते म्हणणार नाही. शहराचं म्हणाल तर खडकी, फत्तेनगर, औरंगाबाद, आणि २०२३ पासून अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर. पाट्या बदलल्या, रिक्षावाले अजून दोन्ही नावांनी हाका मारतात.

नावाची ही भानगड तत्त्वज्ञानाच्या विभागांपर्यंतही पोचली. २०१६ मध्ये गारफिल्ड आणि ब्रायन व्हॅन नॉर्डन यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये सुचवलं: अमेरिकेतले जे विभाग फक्त युरोप-अमेरिकेचंच शिकवतात त्यांनी पाटी तरी खरी लावावी, ‘युरोपीय व अमेरिकी तत्त्वज्ञान विभाग’ अशी. लेखावर रान पेटलं. आपण टाळ्या वाजवायच्या आधी आपल्याकडं पाहावं. मिलिंदपञ्ह आपण सहसा पालीच्या विभागात ठेवतो आणि परफिटना तत्त्वज्ञानाच्या. मधला जिना उतरून कुणी जात नाही.

रथाच्या प्रसंगानंतर, पुढच्या वादाला बसायच्या आधी नागसेनानं घातलेली अट या संदर्भात आठवते. राजाला त्यानं विचारलं, पंडितांसारखा वाद करणार की राजांसारखा? पंडितांच्या वादात गुंडाळलं जातं, सोडवलं जातं, चूक दाखवली जाते, दुरुस्त होते, आणि कुणी रागावत नाही. राजांच्या वादात राजा एक बाजू धरतो आणि जो नाही म्हणेल त्याला दंड. राजानं पंडितवाद कबूल केला, तेव्हाच पुढचं सगळं झालं. कुठल्याही चर्चासत्राच्या निमंत्रणपत्रिकेवर मी आधी हेच छापलं असतं. सत्कार आणि दीपप्रज्वलनात तास गेल्यावर उरलेल्या वीस मिनिटांत अध्यक्ष प्रश्नकर्त्याला ‘वेळेअभावी’ बसवतात, तो राजवादच.

शेवटी एक गोष्ट उरली, खरं तर पहिली. हा रथ नागसेनाचा नाहीच.

रथाच्या संवादाच्या अखेरीस नागसेन स्वतःच सांगतो की ही उपमा भगवंतांसमोर वजिरा भिक्खुणीनं सांगितलेली. संयुत्तनिकायात तिचं सुत्त आहे. श्रावस्तीजवळच्या अंधवनात ती एका झाडाखाली दुपारची बसली होती. साधकांना भुलवणारा मार येतो आणि तिला घाबरवायला विचारतो, हा जीव कुणी घडवला, घडवणारा कुठाय, हा उपजतो कुठं, संपतो कुठं? ती ओळखते की हा मार आहे आणि म्हणते, ‘जीव’ कशाला धरून बसलास? इथं नुसता संस्कारांचा ढिगारा आहे. भाग जुळले की जसं ‘रथ’ म्हणतात, तसं स्कंध असले की ‘जीव’ म्हणायची रीत. बस, एवढंच. राजा नाही, पाचशे यवनांचा लवाजमा नाही, हार-जीत नाही. एकटी बाई, झाड, आणि तिला त्रास द्यायला आलेला एक जण.

गोपाळ गुरू आणि सुंदर सरुक्काई यांच्या ‘द क्रॅक्ड मिरर’ या २०१२ च्या पुस्तकात वाद आहे तो यावरच: अनुभव कुणाचा, आणि त्यावर सिद्धांत करायचा हक्क कुणाचा? वजिरेच्या बाबतीत मात्र तिनं अनुभवही घेतला आणि सिद्धांतही केला. तिच्याकडून गेलं ते फक्त नाव. तेही नागसेनानं नेलं नाही. त्यानं राजासमोर, भर सभेत तिचं नाव घेतलं. गाळलं ते नंतरच्यांनी, ‘नागसेनाचा रथ’ असं म्हणून म्हणून.

हे सांगितलं तेव्हा ‘राजा’ म्हणणाऱ्या त्या मुलीनं विचारलं, “सर, वजिरा म्हणजे?” वज्र, हिरा, मी म्हणालो. तिनं वहीत लिहून घेतलं. या लेखाला मथळा देताना मीही नागसेनाचंच नाव घातलंय, हे आत्ता वरती पाहिल्यावर लक्षात आलं.